गुल्हाने काकांची हाजिरी

मतदार यादीतून नाव वगळायचे फॉर्म गेल्या बारा वर्षांत मी किती भरले असतील, त्याचा हिशेब नाही. हात लिहीत असतो आणि डोक्यात संध्याकाळची भाजी असते. पण या हिवाळ्यात मनोहर गुल्हाने यांचा फॉर्म पुढे घेतला आणि 'मृत्यू' या शब्दापुढे खूण करताना पेन अडलं. मी त्यांच्या मयतीला गेले होते. चेहरा पाहिला होता, फुलं वाहिली होती. तरीही उठले, चपला घातल्या आणि रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरापर्यंत जाऊन आले. दाराला कुलूप होतं. समोरच्या सायकलच्या दुकानातून गेंदलाल साहूनं मला पाहिलं, माझ्या हातातला कागद पाहिला आणि विचारलं, "देखने आई थीं?" मी हो म्हटलं. "ठीक किया," तो म्हणाला आणि पुन्हा चाकाच्या तारा कसायला लागला.

आम्ही दोघंही काकांच्या हाताखाली तयार झालो होतो, म्हणून एवढं बोलणं पुरलं.

मी सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते आणि उरलेल्या वेळात 'बीएलओ' असते. म्हणजे एका मतदान केंद्राची यादी माझ्या गळ्यात. कोण आलं, कोण गेलं, कोण अठराचं झालं, कोण वारलं, याची जबाबदारी माझी. सरकारनं हे काम मला अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणात शिकवलं, त्यातला अर्धा वेळ चहात गेला. बाकीचं काकांनी शिकवलं, आणि तेही मी शिकायला तयार नसताना.

काका रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. मूळचे अमरावतीकडचे, पण वडिलांच्या बदलीनं लहानपणीच रायपूरला आलेले. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्यावर खाकी पिशवी. पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली यादी, एक जाडजूड रजिस्टर आणि दोन पेनं. तिसरं पेन शर्टाच्या काजाला दोऱ्यानं बांधलेलं, कारण "मागून नेलेला पेन आन् पोरीच्या सासरी गेलेलं भांडं वापस येत नाई." चाळीस वर्षं ते एकाच पक्षाचं काम करत होते. पक्षाचं नाव मी लिहिणार नाही. एक तर मी सरकारी नोकरीत आहे, आणि दुसरं म्हणजे या गोष्टीत त्या नावाला फारसा भाव नाही.

आमच्याकडे विधानसभा झाली की सहा महिन्यांत लोकसभा येते. तेवढ्यात पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, कूस बदलतो. विधानसभेला ज्या खिळ्यावर एक झेंडा असतो त्याच खिळ्यावर लोकसभेला दुसरा दिसतो, खिळा बदलायचीही तसदी कोणी घेत नाही. काकांच्या उमेदीच्या काळात गल्लीत त्यांच्या पक्षाचे झेंडे मोजता येत नसत. मी बीएलओ झाले तेव्हा तीन-चार उरले होते, आणि शेवटी फक्त काकांच्या गॅलरीत एक. त्याचं त्यांना वाईट वाटत असे, वाटत नाही असं ते कधी म्हणालेही नाहीत. पण झेंडा काढून टाकलेल्या घराचा उंबरठा त्यांनी कधी सोडला नाही.

कारण निवडणूक कोणतीही असो, महिनाभर आधी काकांची हाजिरी असायचीच. हा शब्द त्यांचाच. भर उन्हात डोक्यावर ओला गमछा टाकून ते दारोदार जायचे. आत यायचे नाहीत, बसायचे नाहीत. दारात उभं राहून यादीतलं नाव पूर्ण वाचायचे, "पुष्पा भीमराव डोंगरे", आणि पुष्पाबाईंनी हातातलं काम टाकून दारात येऊन दिसायचं. आतून "आहे मी" असा आवाज आला तर चालत नसे. काका तोंडाकडे नीट बघत, मग रजिस्टरात लिहीत, 'पाहिले', आणि पुढे तारीख. पाऱ्यातल्या सुना हसायच्या, की आम्हाला पाहायला आलेल्या मंडळींनीसुद्धा एवढं निरखून पाहिलं नव्हतं. काकूंची तक्रार वेगळी होती. "यायले घरातले दोन माणसं दिसत नाई, वार्डातले हजार दिसते," असं त्या मला चहा देता देता सांगायच्या, आणि काका निमूट चहा प्यायचे.

मत कुणाला, हे मात्र ते विचारत नसत. कोणी आपण होऊन सांगायला लागलं, की काका, यंदा आम्ही तिकडे, तर हात वर करून थांबवायचे. "ते नको सांगू बाप्पा. मत कोणालेही दे, पण यादीत राह्य." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की नव्या मतदाराचा फॉर्म भरताना माझ्याही तोंडून ते निघून जातं. त्यातला पहिला अर्धा भाग माझ्या नोकरीत शोभत नाही, म्हणून मी तो मनात म्हणते.

सुरुवातीला मला हा सगळा प्रकार म्हाताऱ्या माणसाचा छंद वाटला होता. एका पक्षाचा माणूस, माझ्या आधी घरोघरी जाऊन येतो आणि वर मला विचारतो, "मॅडम, तुम्ही ह्या बाईले सोता पाह्यलं का?" चारचौघांत ते मला मॅडम म्हणत आणि घरी बेटा. मी एकदा वैतागून म्हटलं, की काका, शेजारणीनं सांगितलं ना, मग झालं. काकूंनी मला आत बोलावून गेंदलालची गोष्ट सांगितली. नंतर ती मी खुद्द गेंदलालकडूनही ऐकली, आणि दोन्हीकडे ती सारखीच निघाली.

वीस-बावीस वर्षं झाली असतील. गेंदलाल छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात होता, हे साऱ्या पाऱ्याला माहीत होतं. एका सकाळी त्याच्या दारातून अरथी निघाली. काका पेन्शनच्या कामाला चालले होते. चौकात सायकलवरून उतरले, लांबूनच हात जोडले आणि गेले. त्यानंतर महिनाभर सायकलचं दुकान बंद. प्रत्यक्षात वारला होता गेंदलालचा धाकटा भाऊ, जो उपचारासाठी गावाहून येऊन राहिला होता. गेंदलाल दवाखान्यातून बरा होऊन आला होता, तोच घरच्यांसकट भावाच्या अस्थी घेऊन राजिमच्या संगमावर गेला, तिथून गावी, आणि शेतीवाडीच्या कामात तिथेच अडकला. नेमकी तेव्हा यादीची तपासणी चालू होती. काकांनी गेंदलालचं नाव 'मयत' म्हणून लिहून दिलं आणि खाली सही केली. गुल्हाने बाबूंनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, म्हणून कोणी पाहायला गेलं नाही.

आता गेंदलाल हा समोरच्या पक्षाचा. नुसता पक्षाचा नाही, पाऱ्यातला त्यांचा सगळ्यात मोठा आवाज. लोकसभेच्या दिवशी तो नवा शर्ट घालून रांगेत उभा राहिला आणि आत गेल्यावर त्याला सांगण्यात आलं, की तुमच्या नावावर काट आहे. काका आपल्या पक्षाचे एजंट म्हणून त्याच खोलीत बसले होते. गेंदलालनं त्यांच्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "मैं मर गया हूँ क्या, गुल्हाने जी?"

काका उठले. सगळ्यांसमोर म्हणाले, की चूक माझी आहे, सही माझी आहे, हा माणूस जिवंत आहे आणि मी त्याला ओळखतो. पण यादीत नाव नाही म्हणजे मत नाही, या नियमाला तोड नव्हती. गेंदलाल तसाच परत गेला. पाऱ्यात दुपारपर्यंत एकच बोललं जात होतं, की गुल्हान्यानं विरोधी पक्षाचं मत मुद्दाम मारलं. काकांच्या पक्षातल्या दोघांनी तर त्यांची पाठ थोपटली. काकू सांगत होत्या, ती शाबासकी त्यांना शिवीपेक्षा जास्त लागली.

त्या दिवशी काकांनी स्वतःचं मत दिलं नाही. केंद्रात बसून होते, यंत्र चार हातांवर होतं, तरी दिलं नाही. संध्याकाळी घरी येऊन काकूंना म्हणाले, "ज्याचं मत मी खाल्लं, त्याच्यासंगं माह्यंई उपाशी राहू दे." पक्षाच्या लोकांना हे कळल्यावर त्यांनी काकांना वेड्यात काढलं. त्यानंतरच्या निवडणुकीपासून हाजिरी सुरू झाली.

गेंदलालचा राग मात्र एवढ्यानं जाणारा नव्हता. पुढच्या निवडणुकीला तो स्वतःच आपल्या पक्षाचा एजंट होऊन केंद्रात आला. इनपे नज़र रखूँगा, असं त्यानं चौकात जाहीरच केलं होतं. काकांच्या शेजारची खुर्ची ओढून बसला. काका यादीत खूण करायचे, हा मान वाकडी करून ती तपासायचा. सकाळपासून दोघांत एक शब्द नाही. दुपारी दुखियाबाई नावाची म्हातारी आली. यादीतला फोटो भलत्याच कुणाचा तरी छापलेला. अधिकारी तिला बाजूला उभं करायला निघाले. ती गेंदलालच्या पक्षाची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गेंदलाल तोंड उघडणार, त्याआधी काका उभे राहिले. "हे दुखियाबाईच होय साहेब. मंगळवारी मी हिले दारात पाह्यलं. डाव्या हातावर गोंदलेलं हाय, पाहून घ्या." हात पाहिला गेला, गोंदण निघालं, म्हातारीनं मत दिलं. मग गेंदलालनं आपला डबा उघडला. रात्रीचा भात पाण्यात, वर कांदा आणि मिरची. डबा दोन खुर्च्यांच्या मध्ये सरकवून आपल्या छत्तीसगढीत म्हणाला, "बासी खाबे का, कका?" काकांना आंबलेल्या भाताचा वास सोसत नसे. त्यांनी खाल्लं.

मी आले तेव्हा हा डबा चांगला रुळला होता. मतदानाच्या दिवशी काकूंकडून बेसन-भाकर यायची ती दोघांची, आणि बासी दोघांची. सकाळी यंत्र तपासायला एजंटांकडून खोटं मतदान करून घेतात, तेव्हा काका आपल्या पाळीला गेंदलालच्या चिन्हावर ठरवून बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "घे. पाच वर्षातून एवढं एकच." गेंदलालही तसंच करायचा. निकालाच्या दिवशी जो जिंकेल त्यानं दुसऱ्याला जिलेबी चारायची. काही वर्षांपासून लोकसभेची जिलेबी कायम गेंदलालकडूनच येत होती. काका ती चवीनं खायचे आणि वर बोलून दाखवायचे, की पाक पातळ आहे.

त्यांच्यावरचा खरा कठीण प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला, तो मागच्या नव्हे, त्याच्याही आधीच्या लोकसभेच्या वेळचा. काकांच्या पक्षाचे आमच्या भागातले पुढारी, ज्यांना सगळे नुसतं भैयाजी म्हणायचे, ते मतदानाला तीन आठवडे असताना पलीकडच्या पक्षात गेले. एकटे गेले नाहीत. नव्या रायपूरकडच्या एका मैदानावर समारंभ झाला आणि बसेस भरभरून कार्यकर्ते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी भैयाजी काकांच्या घरी आले. मी यादीतल्या काही नावांसाठी तिथेच बसले होते, आणि उठायला लागले तर काकांनी हातानंच बस म्हणून खुणावलं.

भैयाजी नागपूरकडचेच, मराठीत बोलत होते. त्यांनी आधी काकांना सोबत यायला सांगितलं. काका म्हणाले, की आता या वयात नवीन नारे पाठ होणार नाहीत. मग भैयाजी मूळ कामावर आले. त्यांना रजिस्टर पाहिजे होतं. इतक्या वर्षांत कोणतं घर कुठे झुकतं, कोण फुटतं, कोण फिरतं, ते सगळं त्यात असणार, आणि ते हाती आलं तर हा भाग खिशात, असा त्यांचा अंदाज होता. खरं सांगायचं तर माझाही तोच अंदाज होता. काकांनी ते पिशवीतून काढून पुढे ठेवलं.

भैयाजी पानं उलटायला लागले. मीही बाजूनं डोकावले. घर नंबर, नाव, 'पाहिले', तारीख. आणि पुढे बारीक अक्षरात टिपणं. 'मोतीबिंदूचं ऑपरेशन, रांगेत खुर्ची लागेल.' 'बाळंतपणाला दुर्गला, विचारून घेणे.' 'पोट्टा पुण्याला, मतदानाला येतो म्हणतो.' 'रात्रपाळी, सकाळी उठवू नये.' पानामागून पानं अशीच. कोण कुणाचा, याचा एका अक्षरानंही उल्लेख नाही. भैयाजींचा चेहरा उतरत गेला. त्यांनी विचारलं, की काका, तुम्ही इतकी वर्षं हेच लिहून राहिले का?

"मंग काय लिहू?"

"कोण कोनाले मत देते ते."

"ते मले काहून पाह्यजे? ते त्याइचं हाय." मग काका म्हणाले, "घेऊन जा तुमी. फक्त वापस आणून देजा, मले हाजिरीले लागते."

भैयाजींनी रजिस्टर नेलं नाही. ते गेल्यावर मी काकांना म्हटलं, की त्यांनी नेलं असतं तर? काका म्हणाले, की नेलं असतं तर त्यांना कळलं असतं, रांगेत कुणाला खुर्ची लागते ते. त्या दिवशी काका खूप वेळ गॅलरीतल्या झेंड्याकडे पाहत बसले होते. त्यांना राग आला नव्हता, एकटं वाटत होतं. मला त्यांच्याविषयी जो आदर आहे तो त्या सकाळपासूनचा.

मग काकू गेल्या, आणि वर्षभरात काकांचे डोळे गेले. काचबिंदू. ज्या माणसानं 'पाहिले' या एका शब्दावर वीस वर्षं काढली त्याच्यावर ही पाळी यावी, याचा मला मनापासून संताप आला. काका मात्र एवढंच म्हणाले, की पार्सल ऑफिसातल्या धुळीत हे डोळे इतके टिकले हेच पुष्कळ. मुलगा प्रशांत नव्या रायपुरात फ्लॅटमध्ये राहतो. मराठी समजतो, उत्तर हिंदीत देतो. बाबा, अब बस करो, असं म्हणत तो त्यांना न्यायला आला. काकांनी त्याच्याकडून एक लोकसभा मागून घेतली.

ती गेल्या खेपेची लोकसभा. हाजिरी कशी होणार, हा प्रश्न मला पडला होता. काकांनाही पडला असावा, कारण दोन दिवस ते घराबाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेंदलालनं दुकानाचं शटर ओढलं, समोरच्या घरात गेला आणि काकांचा हात धरून बाहेर आला. खाकी पिशवी त्याच्या खांद्यावर होती. दारात गेल्यावर काका पाठ असलेलं नाव म्हणायचे, माणूस बाहेर यायचा, गेंदलाल बघायचा. "देखा," तो म्हणायचा. "नीट पाह्य," काका म्हणायचे, "कपड्यावर जाऊ नको, तोंड पाह्य." मग गेंदलाल काकांच्या रजिस्टरात आपल्या वळणाच्या अक्षरात लिहायचा, 'देखा', तारीख. त्याच्या पक्षाची पोरं त्याला चिडवायची, की दुसऱ्याच्या पक्षाचं काम करून राहिले का. तो म्हणायचा, मैं अपना नाम बचा रहा हूँ.

मतदानाच्या दिवशी काकांच्या पक्षाकडे आमच्या केंद्रावर बसायला दुसरं कोणी नव्हतं. काका बसले. शेजारी गेंदलाल. तो क्रमांक हळूच सांगायचा आणि काकांची यादी स्वतःच्या यादीबरोबर खूण करत जायचा. ऊन उतरल्यावर मी माझं मत द्यायला गेले तेव्हा काका नुकतेच मत द्यायला उठत होते. माझा नंबर त्यांच्यामागे. दिसत नसेल तर मतदाराला सोबती नेता येतो. प्रशांत त्यासाठीच मुद्दाम आला होता, दाराशी उभा होता. अधिकाऱ्यांनी विचारलं, सोबत कोण येणार. काका म्हणाले, "गेंदलाल."

अधिकारी गोंधळले. गेंदलालच्या छातीवर समोरच्या उमेदवाराचा बिल्ला होता. त्यांनी काकांना समजावलं, की बाबा, ये तो दूसरी पार्टी के हैं. प्रशांतही पुढे आला. काका म्हणाले, "मालूम है साहब. एक बार इनका वोट मेरे हाथ से गया था. आज मेरा इनके हाथ में है."

गेंदलालनं आधी मान हलवली, नको म्हणून. मग खिशातून चष्मा काढला. मत गुप्त ठेवीन, अशा कागदावर त्यानं सही केली. बिल्ला काढून त्यानं आपल्या खुर्चीवर ठेवला, काकांचा हात धरला आणि दोघं पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले. कुठलं बटण दाबलं गेलं, ते आजवर पाऱ्यात कोणालाही कळलेलं नाही. गेंदलालला विचारायची माझी हिंमत नाही, आणि गरजही नाही.

पुढच्या आठवड्यात प्रशांत काकांना घेऊन गेला. त्यामुळे जिवंतपणी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या केंद्रातच, आणि तेही धड पाहिलं नाही. आडोशाखाली दोन जोड्या पाय दिसत होते, एक रेल्वेचे जुने काळे बूट आणि एक सायकलच्या ग्रीसनं माखलेली चप्पल. यंत्राचा लांब आवाज आला. काचेमागची चिठ्ठी पडेपर्यंतचे काही क्षण दोघं तसेच उभे राहिले. मग काकांचा आवाज आला, "पाह्यलं?"

"हव कका," गेंदलाल म्हणाला. "अपन आँखी ले देखे हंव."